निसर्गाचा पैसा – लेखांक ४ : हैदराबादला ठरलेली दुप्पट

मागच्या लेखात आपण १९९२ सालच्या रिओ परिषदेतला जैवविविधता करार पाहिला. जंगलं, प्रवाळ, बियाण्यांचे वाण यांची श्रीमंती बहुतांशी गरीब देशांकडे, तर तिजोरी दुसऱ्यांकडे. म्हणून विकसित देशांनी नवा आणि जादा निधी द्यावा, असं या कराराचं २० वं कलम सांगतं. किती द्यावा, हे मात्र त्यात नाही. त्यावर आकडा पडायला २० वर्षं लागली, आणि तो पडला हैदराबादला.

८ ते १९ ऑक्टोबर २०१२ या काळात करारातल्या देशांची अकरावी परिषद तिथे भरली. अध्यक्षपद भारताकडे, पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांच्याकडे होतं. युरोप कर्जसंकटात होता. आधी किती पैसा येतो-जातो त्याचा नीट हिशेब होऊ दे, मग आकडा बोलू, असा देणाऱ्यांचा सूर होता. घेणारे आकड्यावर अडून बसले होते. शेवटी ठरलं ते असं: २००६ ते २०१० या वर्षांतली सरासरी मदत २०१५ पर्यंत दुप्पट करायची आणि २०२० पर्यंत ती खाली येऊ द्यायची नाही. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी भारतातर्फे ५ कोटी डॉलरची घोषणा केली. हा निधी मुख्यतः देशातल्याच यंत्रणा सक्षम करण्यासाठी होता.

शब्द पाळला गेला का? संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या आढाव्यानुसार आंतरराष्ट्रीय मदत साधारण दुप्पट झाली. त्याच आढाव्यात हेही आहे की, २०२० पर्यंतच्या दशकासाठी ठरवलेल्या २० उद्दिष्टांपैकी जगाने एकही पूर्णपणे गाठलं नाही.

पैसा दुप्पट होऊनही असं का? याचं एक कारण मोजणीत आहे. देणारे देश आपल्या प्रकल्पांवर खूण करतात: जैवविविधता हा मुख्य हेतू, की अनेक हेतूंपैकी एक. दुसऱ्या प्रकारातल्या प्रकल्पाची किती रक्कम निसर्गाच्या खाती धरायची, याचा नियम देशागणिक वेगळा; त्यामुळे दुप्पट खरी किती, हे सांगणं कठीण. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. निसर्गाची हानी करणाऱ्या कामांना सरकारं वर्षाला सुमारे ५०० अब्ज डॉलरचा आधार देतात, असं तोच आढावा सांगतो. त्याच आढाव्यानुसार जैवविविधतेसाठी सगळ्या मार्गांनी मिळून येणारा पैसा तेव्हा १०० अब्जांच्याही आत होता. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने मोडलं जात असेल, तर दुप्पट काय आणि तिप्पट काय!

तरीही हा पैसा वाया जातो, असं मी म्हणणार नाही, कारण सिंधुदुर्ग आपल्यासमोर आहे. जागतिक पर्यावरण सुविधा हा अनेक सरकारांच्या वर्गणीतून चालणारा निधी. त्यातून सुमारे ३४ लाख डॉलर त्याच दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासाठी आले आणि राज्याच्या कांदळवन कक्षाने ते काम हाती घेतलं. ट्रॉलरच्या जाळ्याची शेवटची पिशवीच पाहा. तिचे आस, म्हणजे विणीतली भोकं, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळं ओढताना ताण येतो, आस मिटतात आणि माशांची पिल्लंही आत अडकतात. या कामातून पुढे आलेले चौकोनी आस ताणातही उघडे राहतात, पिल्लं निसटतात आणि पुढच्या हंगामात तीच मोठी होऊन मिळतात. त्याच कामाच्या मदतीने वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथे कांदळवन टिकलं तरच त्यांची मिळकत टिकते. गरिबी हटवणं आणि निसर्ग राखणं ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्यांना परिसंवादात बसून शिकावं लागलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला करारातल्या देशांच्या परिषदेत नवा आकडा ठरला: विकसनशील देशांना २०२५ पर्यंत वर्षाला किमान २० अब्ज आणि २०३० पर्यंत ३० अब्ज डॉलर. तो पाळला जावा यासाठी भारताने आग्रह धरलाच पाहिजे. पण आपल्या हातातही काही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्यासाठी स्थानिक निधीची तरतूद केली आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढं विचारा: आपली समिती शेवटची कधी बसली, आणि त्या निधीत किती रुपये आहेत?