आलेखनाचा सराव : काही रूढ गैरसमज
आकड्यांना चित्ररूप देण्याची हातोटी ज्यांना उपजत लाभली त्यांनीच त्या वाटेला जावे, इतरांनी खानेसुमारीच्या रुक्ष तक्त्यांवर संतोष मानावा, अशी समजूत चांगल्या सुशिक्षितांतही दृढ आहे. आणि तिच्या पुष्टीसाठी जो दाखला हमखास पुढे केला जातो, तो शार्ल मिनार या फ्रेंच गृहस्थाच्या नकाशाचा. १८१२ साली रशियावर चालून गेलेली नेपोलियनची ४,२२,००० ची फौज मॉस्कोपर्यंत जाता-येता झिजत झिजत अखेरीस १०,००० वर कशी आली, हे केवळ एका पट्ट्याच्या कमी होत जाणाऱ्या जाडीने दाखविणारा तो नकाशा पाहिला, की असे काम सामान्याच्या हातून व्हायचे नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. मिनार चित्रकार नव्हता, पूल, रस्ते आणि कालवे पाहणाऱ्या सरकारी खात्यातला अभियंता होता. सेवेच्या उत्तरार्धात त्याने असे आलेख काढावयास आरंभ केला आणि १८५१ साली, सत्तराव्या वर्षी, निवृत्त झाल्यावर तर त्याने त्यातच आयुष्य वेचले. आगगाडीचे उतारू, कोळसा, मद्य, कापूस असे विषय घेऊन त्याने पन्नासाच्या आसपास चित्रे सिद्ध केली, त्यांतही कापसाच्या व्यापाराचा नकाशा निरनिराळ्या वर्षांच्या आकड्यांवरून पुनःपुन्हा काढला; आणि जाडीने परिमाण दाखविण्याची जी युक्ती नेपोलियनच्या नकाशात आपल्याला प्रतिभेचा चमत्कार वाटते, ती या कोळशा-कापसाच्या नकाशांत आधीच घोटली गेली होती. तो प्रसिद्ध नकाशा १८६९ सालचा, म्हणजे मिनारच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाचा.

दुसरा गैरसमज साधनांविषयीचा : संगणकावरील महागडी प्रणाली हाती आली की विद्या आपोआप येते. जॉर्जिया लूपी आणि स्टेफनी पोसाव्हेक या दोघींनी, एक न्यूयॉर्कमध्ये आणि दुसरी लंडनमध्ये राहत असता, सबंध वर्षभर दर आठवड्याला स्वतःच्या दिनचर्येतला एखादा विषय (आपण कितीदा घड्याळ पाहिले, कितीदा तक्रार केली) मोजून टिपला, रंगीत पेन्सिलींनी पोस्टकार्डावर चितारला आणि टपालाने एकमेकींस धाडला. ‘डिअर डेटा’ या नावाने प्रसिद्ध झालेली ती पोस्टकार्डे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ साली आपल्या संग्रहात घेतली. प्रणालीचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु काय मोजावे आणि काय गाळावे, हा निवाडा ती करून देत नाही.

त्याच २०१६ सालापासून अँडी क्रीबेल आणि अँडी कॉटग्रीव्ह यांच्या पुढाकाराने ‘मेकओव्हर मंडे’ हा साप्ताहिक उपक्रम सर्वांसाठी खुला झाला, ज्यात छापून आलेला एखादा आलेख आकड्यांसह समोर ठेवून तो नव्याने काढावयाचा असतो; २०१८ मध्ये ‘टायडी ट्यूजडे’ हा तसाच साप्ताहिक उपक्रम आणि २०१९ मध्ये नोव्हेंबरचे तीस दिवस रोज एक नकाशा काढण्याचा परिपाठ सुरू झाला. येथे तिसरा गैरसमज उद्भवतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे : हजेरी लावली की कौशल्य आले, बावन्न आठवड्यांच्या बावन्न आलेखांची पुण्याई गाठीशी पडली की वर्षअखेरीस माणूस तज्ज्ञ झाला. चुकीची सवयही सरावानेच पक्की होते. म्हणून नवे बावन्न विषय घेण्यापेक्षा एकच विषय तीनदा मोडून काढणे अधिक फलदायी.

उदाहरणार्थ, २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राचे तत्कालीन पस्तीस जिल्हे घ्यावेत. एकूण लोकसंख्येनुसार रंगछटा दिल्या, तर ९४ लाखांचा पुणे जिल्हा आणि ९३ लाख ५७ हजारांचा मुंबई उपनगर जिल्हा यांस एकच गडद छटा मिळते. परंतु पुण्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आणि उपनगराचे अवघे ४४६, त्यामुळे डोळ्यांत भरतो तो पुणे, आणि जवळजवळ तेवढ्याच माणसांचे उपनगर शोधूनही सापडत नाही. शाळेच्या भूगोलात शिकविलेला नियम, की क्षेत्रघनी पद्धतीत निव्वळ संख्या न दाखविता घनता दाखवावी, आठवून दुसरा नकाशा काढावा, तर उपनगराची घनता २०,९८०, मुंबई शहराची १९,६५२ आणि तिसऱ्या क्रमांकावरील ठाण्याची १,१५७. समान अंतराचे पाच वर्ग पाडल्यास ते दोन जिल्हे वरच्या वर्गात जातात आणि ठाण्यापासून ७४ घनतेच्या गडचिरोलीपर्यंतचे उरलेले तेहतीस जिल्हे तळाच्या एकाच फिकट वर्गात कोंबले जातात. नियम पाळूनही नकाशा मुका! तिसऱ्या खेपेस वर्ग असमान अंतरांचे पाडून मुंबईचा भाग कोपऱ्यात मोठा करून दाखवावा, किंवा क्षेत्रघनी पद्धतच सोडून टिंब पद्धत पत्करावी लागते. आणि ही निवड का केली, याचे उत्तर देता येणे हीच त्या आठवड्याची खरी कमाई होय.

आलेखाची उभी मोजपट्टी नेहमी शून्यापासूनच सुरू झाली पाहिजे, हाही अर्धवट नियम. स्तंभालेखात लांबीची तुलना होत असल्याने तो अटळ आहे. रेषालेखात, जेथे चढउतार पाहावयाचा असतो, तेथे ताप मोजणाराही शून्यापासून आरंभ करीत नाही.

राहता राहिला प्रचंड आकडेवारीचा आग्रह, जो बहुधा सराव पुढे ढकलण्यासाठीच धरला जातो. फ्रान्सिस ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले, ज्यांत चारही ठिकाणी आडव्या मूल्यांची सरासरी ९, उभ्या मूल्यांची सरासरी ७.५ आणि सहसंबंध ०.८२ येतो, गोषवारा पाहणाऱ्यास चारही सारखेच. ज्याला आरंभ करावयाचा आहे त्याने हे चव्वेचाळीस बिंदू आलेखकागदावर स्वतःच्या हाताने मांडावेत. पहिल्या संचात विखुरलेली पण सरळ चढण दिसेल, दुसऱ्यात स्पष्ट वक्ररेषा, तिसऱ्यात एका बिंदूने वाकडी केलेली सरळ रेषा, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत येऊन सहसंबंधाचा सारा आकडा उरलेल्या अकराव्या बिंदूच्या जोरावर उभा असलेला आढळेल.