आमराईतील सौर पॅनेल: सावली आणि तुडतुडे

उत्तर प्रदेशातील मलिहाबाद हा दशेरी आंब्याचा प्रदेश. जुन्या, दाट बागा हे त्याचे वैभव. मात्र सौरपंपासाठी जागा निवडताना हेच वैभव आड येते. कोकणातील हापूस बागायतदारांनाही हा प्रश्न परका नाही.

सौरघटात सिलिकॉनचे दोन थर असतात. एकात इलेक्ट्रॉनांचे आधिक्य, दुसऱ्यात उणीव. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन थरांच्या सीमेवरील विद्युतक्षेत्रामुळे एकाच दिशेने ढकलले जातात व एकदिश प्रवाह मिळतो. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणून अनेक घट एकसर जोडतात. एसी पंपासाठी हा प्रवाह इन्व्हर्टर किंवा नियंत्रक प्रत्यावर्ती करतो.

खरी मेख एकसर जोडणीत आहे. जलवाहिनी एके ठिकाणी चेपली, की पुढचा संपूर्ण प्रवाह घटतो. तसेच एका घटावर सावली आली, की त्या ओळीतील सर्व घटांचा प्रवाह अडतो. बायपास डायोड हानी मर्यादित करतो; तरीही अनेक पॅनेलमध्ये एका झाकलेल्या घटापायी एक तृतीयांश भाग निकामी होतो. फांदीची सावली म्हणूनच क्षुल्लक मानू नये. 21 डिसेंबरला भर दुपारी दहा मीटर उंच झाडाची सावली मलिहाबादेत उत्तरेकडे सुमारे 12 मीटर, तर रत्नागिरीत साडेआठ मीटर पडते. सकाळी नऊला मलिहाबादेत ती उंचीच्या दुपटीहूनही लांब असते. जागा हिवाळ्यातच पाहून ठरवावी.

कीटकशास्त्राचा संबंध येथे येतो. मोहोरावरील तुडतुडे रस शोषून चिकट, गोड स्राव टाकतात. पानांवर त्यावर काळी बुरशी वाढते. झाडालगतच्या काचेवर तो पडल्यास धूळ घट्ट धरून ठेवतो. साधी धूळ पावसाने धुतली जाते, हा थर सहसा जात नाही. मोहोराच्या काळात काच आठवड्याने तपासावी. सकाळी, ती तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. खारे पाणी टाळावे, त्याचे डाग राहतात.

दाट, अंधाऱ्या बागेतच तुडतुडे अधिक माजतात. रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या आंबाबागांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीतंत्र विकसित केले आहे. अशी छाटणी करणार असल्यास ती आधी उरकावी आणि पॅनेलची जागा नंतर आखावी. फवारणीच्या दिवशी पॅनेल झाकून ठेवावेत.