जुन्या विमानांची जत्रा : फोटो कसा टिपावा?

बैलबाजारात खोंड घ्यायला गेलेला माणूस नुसते दावणीला बांधलेले जनावर बघून पैसे मोजत नाही. "जरा चालवून दाखवा, पाटील," असे म्हणतो. चाल बघितली की खांदा, खूर, दम सगळे कळते. जुन्या विमानांचेही असेच आहे. संग्रहालयात दोरीआड उभे केलेले विमान छान दिसते, पण त्याची खरी ओळख पटते ती ते उडताना. म्हणूनच इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका अशा देशांत जुनी विमाने उडवून दाखवण्याच्या जत्रा भरतात. त्यांना एअर शो म्हणतात. माणसे बायकापोरांसह, शिदोरी बांधून जातात आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या गळ्यात कॅमेरा असतो.

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात विमानांचे काय काम, असे कोणी विचारील. तर वाचकहो, ज्या ठिकाणची हकिगत आज सांगणार आहे, ते ठिकाण मळणीयंत्रांच्या पैशावर उभे राहिले आहे.

मळणीयंत्रापासून विमानापर्यंत

इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यात ओल्ड वॉर्डन नावाचे खेडे आहे. तेथे शटलवर्थ घराण्याचा वाडा आणि जमीनजुमला होता. या घराण्याचा लिंकन शहरातला 'क्लेटन अँड शटलवर्थ' हा कारखाना १८४२ साली सुरू झाला. वाफेची इंजिने आणि मळणीयंत्रे हा त्याचा मुख्य धंदा. पहिल्या महायुद्धात याच कारखान्याने सॉपविथ कॅमल जातीची लढाऊ विमानेही बांधली.

या घराण्यात जुलै १९०९ मध्ये रिचर्ड शटलवर्थ जन्मला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला लुई ब्लेरिओ या फ्रेंच माणसाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली होती. रिचर्डला जुन्या मोटारी आणि विमाने गोळा करून ती चालती करण्याचा नाद लागला. १९०९ साली बांधलेले ब्लेरिओ जातीचे एक विमान त्याने १९३५ मध्ये मिळवले. पण दुसऱ्या महायुद्धात, २ ऑगस्ट १९४० रोजी, हवाई दलाच्या सरावाच्या उड्डाणात तो गेला. वय अवघे ३१.

त्याची आई डोरोथी हिने १९४४ साली मुलाच्या नावाने विश्वस्त संस्था काढली. विमानविद्या, वनीकरण आणि शेती यांचे शिक्षण हा तिचा हेतू ठरला. १९४६ मध्ये तेथे शेतीचे महाविद्यालय सुरू झाले. मुलाची विमानेही आईने मोडीत घातली नाहीत. आजही तेथे गवताच्या धावपट्टीवरून जुनी विमाने उडतात. ते १९०९ चे ब्लेरिओ विमानही त्यांत आहे. इंजिन तीन सिलिंडरचे, ताकद सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडच्या लहान ट्रॅक्टरएवढी. वारा पडला तरच ते बाहेर काढतात आणि जमिनीलगत सरळ रेषेत थोडे अंतर उडवतात. वाऱ्यावर धान्य उफणणारा शेतकरी वाऱ्याची वाट पाहतो. हे लोक वारा पडण्याची वाट पाहतात, एवढाच फरक.

आणखी एक गंमत सांगतो. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत पंख्याबरोबर सगळे इंजिनच गरगर फिरे. अशा इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल तेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे तेल पुन्हा वापरात येत नाही, धुराबरोबर बाहेर फेकले जाते. त्यामुळे अशी इंजिने आजही सुरू केली की मैदानावर एरंडेलाचा वास पसरतो.

गोठलेला पंखा

आता फोटोकडे वळू. विमान वेगाने जाते, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, शक्य तितक्या लवकर उघडून मिटावा, असे नवख्याला वाटते. तो सेकंदाचा हजारावा भाग लावतो. विमान अगदी स्वच्छ येते, पण पंखा जागच्या जागी थिजतो. चित्रात वाटते की इंजिन बंद पडले आहे आणि विमान खेळण्यासारखे दोऱ्याने टांगले आहे.

हिशेब सोपा आहे. पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे झाले. हजाराव्या भागात तो फेऱ्याचा फक्त पन्नासावा हिस्सा फिरतो. तेवढे डोळ्याला कळतही नाही. शंभराव्या भागात तो पाचवा हिस्सा फिरतो, साठाव्या भागात तिसरा हिस्सा. चाळिसाव्या भागात अर्धा फेरा होतो आणि दोन पात्यांचा पंखा पूर्ण वर्तुळ भरून काढतो. म्हणून पंख्याच्या विमानासाठी जाणते लोक सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापासून सुरुवात करतात आणि हात बसला की साठाव्यापर्यंत खाली येतात. जेट विमानाला बाहेर पंखा नसतो, तेथे हजारावा भाग बेलाशक लावावा.

पण शटर मंद केले की दुसरी अडचण येते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २० मीटर जाते. शंभराव्या भागात ते २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर पुढे सरकते. कॅमेरा स्थिर धरला तर सगळे विमान फरकटलेले येणार. त्यावर उपाय म्हणजे विमानाबरोबर कॅमेराही फिरवणे. त्याची रीत अशी :

१. विमान जेथे समोर येणार त्या दिशेला पाय रोवून उभे राहावे. कोपरे अंगाशी धरावीत.

२. विमान दूर असतानाच त्याला कॅमेऱ्यात धरावे आणि कमरेपासून सावकाश वळत त्याच्या वेगाने यावे.

३. अगदी समोर आले की बटन हळूच दाबावे, पण वळणे थांबवू नये. गोफण फिरवणारा धोंडा सुटल्यावरही हात पुढे जाऊ देतो, तसे.

४. विमानाच्या पुढे चित्रात थोडी मोकळी जागा ठेवावी. नाक कडेला टेकले की विमान भिंतीवर आदळल्यासारखे दिसते.

साठाव्या भागावर काढलेले बरेच फोटो वाया जातात, त्याचे वाईट वाटू देऊ नये. फिल्मच्या काळी ३६ फोटोंत रोल संपे. आता डिजिटल कॅमेऱ्यावर हात बसवायला खर्च येत नाही. रस्त्याने जाणाऱ्या सायकलींवर सराव करून पाहावा.

उजेडाचेही भान हवे. सूर्य आपल्या पाठीशी असावा. उजळ आभाळासमोरचे विमान काळे येते. दारात उभ्या माणसाचा घरातून फोटो काढला तर चेहरा काळा येतो, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी कॅमेरा सुचवील त्याहून थोडा जास्त उजेड द्यावा. भर दुपारी धावपट्टीवर झळा उठतात, त्यांतून लांबचा फोटो लवलवता येतो. सकाळ-संध्याकाळ उत्तम. विमान वळण घेताना कलते आणि पंखांची वरची बाजू दिसते, तो क्षण चुकवू नये.

उडवावे की जपावे?

इतकी जुनी विमाने उडवावीत का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅम येथे हॉकर हंटर हे जुने जेट विमान प्रदर्शनात रस्त्यावर कोसळले आणि ११ माणसे गेली. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत डॅलस येथे दुसऱ्या महायुद्धातली दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळून सहा जण मेले. शोरहॅमनंतर इंग्लंडने प्रदर्शनांचे नियम कडक केले. डॅलसच्या चौकशीसाठी अधिकाऱ्यांनी प्रेक्षकांकडून फोटो आणि चित्रफिती मागवल्या. म्हणजे हौसेने काढलेला फोटो पुरावाही ठरतो. तेव्हा चांगल्या जागेसाठी दोरी ओलांडू नये आणि मूळ फोटोत फेरफार करू नये.

मला स्वतःला सांभाळून उडवणे पसंत आहे. यंत्र चालते ठेवले तर ते दुरुस्त करणारे हातही तयार राहतात. नुसते उभे केले की दहा-वीस वर्षांत पत्रा उरतो, हुन्नर जातो. आपल्याही हवाई दलाने ही दृष्टी ठेवली आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांनी आपले जवान श्रीनगरला उतरवले होते. त्याच जातीचे एक जुने विमान विलायतेत दुरुस्त होऊन, उडत भारतात आले आणि मे २०१८ मध्ये हिंडन तळावर हवाई दलात दाखल झाले. त्याचे नाव 'परशुराम'.

म्हणून फिरत्या पंख्याबरोबर माणसेही टिपावीत. हाताने पंखा ओढून इंजिन सुरू करणारा मिस्त्री, तेलाने माखलेले हात, चाकाखालची लाकडी उटी काढणारा पोरगा. फोटोसोबत विमानाच्या अंगावरचा क्रमांक, जागा आणि तारीख लिहून ठेवावी.

आपल्यापैकी फार थोड्यांना ओल्ड वॉर्डनला जाणे घडेल. पण विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन, वापरातून चाललेली पाभर, गुऱ्हाळाचा बैलांचा चरक अजून कोणाकोणाकडे आहे. यंदा गुऱ्हाळ लागेल तेव्हा चरक फिरत असताना, शटर मंद ठेवून फोटो काढा. चालवणाऱ्याचे नाव, गाव आणि साल मागे लिहा. भंगारवाला दारात येण्यापूर्वी एवढे करायला हवे.