जुन्या गाडीला नवे ब्रेक
मावळ-लोणावळ्यातील आमच्या गॅरेजवाल्या बांधवांकडे जुन्या जीपला मोठे इंजिन बसवून घेणारी गिऱ्हाइके येतात. ब्रेक मात्र जुनेच राहतात. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ड्रम तापतात, लायनर धरत नाहीत. म्हणून पुढे डिस्क बसवतात. पण ड्रमचाच मास्टर सिलिंडर ठेवला, तर कॅलिपरला तेल अपुरे पडून पेडल खाली जाऊ शकते. दोन्ही जोडीनेच बदलावे. पैसे वाचवण्यासाठी अर्धेच काम सांगितले, तर नकार द्यावा, असे आम्हांस वाटते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. दर दोन वर्षांनी तेल बदलावे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर तपासल्याखेरीज गाडी घाटात सोडू नये. त्यात माणसे बसणार आहेत.