तलावातील गाळ व पाणीसाठा यांचे मापन

रोहा तालुक्यात पाऊस विपुल पडतो. तथापि पडलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. भिरा येथील वीजगृहातून सुटणारे पाणी कुंडलिका नदीस मिळते व डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते. परंतु कालव्यापासून दूर, डोंगरकडेला वसलेल्या वाड्यांना गावतळे हाच वैशाखातील आधार होय. उतारावरील वरकस जमिनीची माती पावसाबरोबर वाहून तळ्यात बसते. वरून तळे तुडुंब दिसते. पोटात मात्र पाण्याची जागा गाळाने घेतलेली असते. म्हणून गाळाचे मापन अगत्याचे आहे.

पावसाळा संपताच, पाणी सांडव्याच्या पातळीस असताना खोली मोजावी. तळ्यावर आडवी दोरी ताणून दर 10 मीटरवर खूण करावी. पुढील दोरी 10 मीटर अंतरावर ताणावी. प्रत्येक खुणेपाशी तराफ्यावरून, मीटरच्या खुणा असलेल्या दोरीस सपाट बुडाचे वजन बांधून सोडावे. टोकदार वजन मऊ गाळात रुतते व खोली अधिक भरते. हे काम एकट्याने करू नये. केवळ बांधाजवळ मोजून भागत नाही, कारण जाड वाळू ओढ्याच्या मुखाशी व बारीक गाळ बांधाकडे बसतो.

सर्व खोल्यांची सरासरी काढून तिला पाण्याच्या क्षेत्रफळाने गुणावे. उदाहरणार्थ, 2 हेक्टर क्षेत्रात सरासरी खोली 2.5 मीटर भरल्यास साठा 50,000 घनमीटर होतो. बांधकामाच्या वेळी तो 60,000 असेल, तर 10,000 घनमीटर, म्हणजे 1 कोटी लिटर पाण्याची जागा गेली. मूळ नकाशा नसल्यास तळे आटल्यावर ठिकठिकाणी खड्डे घेऊन जुन्या कठीण तळापर्यंत गाळाची जाडी मोजावी.

मोठ्या धरणांत नौकेवरील ध्वनियंत्राने खोली मोजतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून निरनिराळ्या पातळ्यांचे जलक्षेत्र काढूनही साठा ठरविते.

मापनाचा आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा. गाळ काढल्यावर पुन्हा मोजल्यास किती गाळ खरोखर निघाला हे कळते. केवळ खेपांच्या संख्येवर विसंबू नये. खोदताना मूळ चिकणमातीचा थर फोडू नये, अन्यथा तळे झिरपू लागेल. बारीक गाळ शेतात पसरावा, आणि माती उतारावरच अडावी म्हणून वरकस जमिनीस समपातळी बांध घालावेत.