साडेतीनशे रुपये गेले कुठे?

गेल्या वार्षिक सभेत मंडळाचा जमाखर्च प्रथमच ‘पायथन’ भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममधून छापून आला. गणेशोत्सवाच्या खर्चापुढे आकडा होता ‘१.४९ई+०५’. तो उलगडला तर होतात १,४९,००० रुपये; पावत्यांची बेरीज मात्र १,४८,६५०. सभेत कुजबुज सुरू झाली. खजिनदार ओशाळले, प्रोग्रॅम लिहिणारा कॉलेजातला मुलगा रडवेला झाला. आम्ही जन्मभर बँकेत खतावण्या जुळवलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसलो. पैसे जागेवरच होते, चुकली होती ती छापण्याची रीत.

आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून त्याने ‘.३जी’ हा संकेत वापरला होता. म्हणजे तीन सार्थक अंक ठेवा. सार्थक अंक मोजायचे ते पहिल्या शून्येतर अंकापासून. ०.००४५६७ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत छापली तर ०.०० एवढेच उरते. तीन सार्थक अंकांत ती ०.००४५७ होते. प्रयोगशाळेतल्या मापांना ही रीत योग्यच.

पण १४८६५० ला तीच लावली की १, ४, ८ घेतले जातात आणि पुढच्या ६ मुळे ८ चा ९ होतो. शिवाय दशांश चिन्हाआधी तीनपेक्षा जास्त अंक असल्याने संगणक दहाचा घात वापरतो: १.४९ गुणिले दहाचा पाचवा घात. हाच संकेत शेवटची शून्येही गाळतो, २.५० चे २.५ होते. ती हवी असतील तर संकेतात ‘#’ घालावे लागते.

रुपये-पैशांना ‘.२एफ’ हवा, म्हणजे दोन दशांश स्थळे: १४८६५०.००. त्यात स्वल्पविराम मागितला तर तो दर तीन अंकांनी पडतो, १४८,६५०.०० असा, लाखाची आपली मांडणी वेगळी करून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आम्ही त्याला सांगितली. हे संकेत फक्त छापील रूप बदलतात, मूळ रक्कम तशीच राहते. ‘राउंड’ने मिळालेली संख्या मात्र खरोखरच बदललेली असते. म्हणून बेरीज आधी, मूळ आकड्यांची. काटछाट शेवटी, तीही गरज असेल तरच.

सुधारलेला जमाखर्च आता सूचना फलकावर लावला आहे. सभासदांनी जरूर तपासावा. चूकभूल द्यावी घ्यावी. पण साडेतीनशे रुपयांची नव्हे!