मधेच येणारा ठोका

रात्री दिवे मालवले, घर शांत झालं आणि डाव्या कुशीवर वळलं, की काही जणांना ते हमखास जाणवतं. छातीत काहीतरी गपकन थांबल्यासारखं होतं, क्षणभर पोकळी, आणि मग एकच दणका, थेट घशापर्यंत. माणूस उठून बसतो, मनगट चाचपतो. नाडीही तेच सांगते: मधला एक ठोका गायब.

घडलेलं असतं नेमकं उलटं. ठोका चुकलेला नसतो, एक जास्तीचा पडलेला असतो.

मुंबईकराला हे चटकन कळेल. समजा, एक लोकल वेळेच्या आधीच, फलाटावर माणसं जमायच्या आत, रिकामीच येऊन गेली. त्यानंतरची गाडी रद्द झाली. मग तिच्या मागून जी येते तिच्यात पाय ठेवायला जागा नसते! हृदयात अगदी हेच होतं. खालच्या कप्प्यातली एखादी उतावीळ पेशी आपली पाळी नसताना ठोका टाकून मोकळी होते. कप्पा तेव्हा पुरता भरलेलाच नसतो, त्यामुळे हा ठोका इतका दुबळा असतो की बऱ्याचदा मनगटापर्यंत पोचतही नाही. नेहमीचा इशारा ठरल्या वेळी येतो, पण स्नायू नुकताच आकुंचन पावून सावरत असतो. तो दाद देत नाही. मग जी लांबलेली उसंत मिळते तिच्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका दणक्यात पडतो. ज्या दणक्यानं आपल्याला घाम फुटतो, तो लयीवर परतलेला, अगदी निर्दोष ठोका असतो. आगाऊ ठोका केव्हाच निसटलेला असतो.

हा नेहमीचा इशारा देतो कोण? उत्तर सापडलं इंग्लंडातल्या केंट परगण्यात, एका खेड्यातल्या घरात. 1906 च्या उन्हाळ्यात शरीररचनेचे अभ्यासक आर्थर कीथ पत्नीबरोबर चेरीच्या बागांतून सायकलवर फेरफटका मारून परतले, तर त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक सूक्ष्मदर्शकाशी त्यांची वाटच पाहत होता. मोल नावाच्या, जमिनीखाली बोगदे खणून राहणाऱ्या इवल्याशा प्राण्याचं हृदय तो तपासत होता. वरच्या उजव्या कप्प्यात, मोठी शीर जिथे येऊन मिळते तिथे, त्याला वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला होता. पुढच्या वर्षी दोघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्याही हृदयात तो त्याच जागी असतो, आणि तिथल्या पेशींना कुणी सांगावं लागत नाही. त्या आपोआप विद्युतभारित होतात, ठिणगी टाकतात, पुन्हा भारित होतात. मेंदूशी संबंध तुटला तरी हा क्रम चालूच राहतो.

किंबहुना मेंदूचं काम बरंचसं लगाम खेचण्याचं. मोकळं सोडलं तर हा पुंजका मिनिटाला शंभरेक ठोके देईल. आपण निवांत असताना मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याला सत्तरच्या आसपास आवरून धरते. प्रत्यारोपण झालेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून ते स्वस्थ बसल्यावरही 90 ते 110 च्या चालीनं धावतं. हा लगाम सतत सैल-घट्ट होत असतो. नाडीवर बोटं ठेवून सावकाश दीर्घ श्वास घ्या: आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुण, निरोगी माणसात हा फरक सगळ्यात ठळक. घड्याळासारखं काटेकोर चालणारं हृदय ही आपली कल्पना. खुद्द हृदयाला ती मान्य नाही.

दिवसाकाठी ठोके होतात साधारण एक लाख. ते सगळे टिपायची जिद्द धरली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर बांधलेलं पहिलं यंत्र जवळपास 38 किलोंचं होतं. आज तेच खिशात मावतं, आणि 'होल्टर लावलाय' असं आपण सहज म्हणतो. चोवीस तासांची ही नोंद पाहिली तर धडधाकट माणसांपैकीही बहुतेकांत एखाददुसरा आगाऊ ठोका सापडतोच. कुणाला शेकडो येऊन पत्ता लागत नाही, कुणाला प्रत्येक ठोका जाणवतो. शिवाय घाबरलं की ॲड्रेनलिन वाढतं आणि उतावळ्या पेशींना आणखी चेव येतो.

मग औषधानं हे ठोके पुसूनच टाकावेत, नाही का? 1980 च्या दशकात अमेरिकेत तसं करून पाहिलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना ठोके दाबणारी औषधं दिली. ठोके खरोखरच कमी झाले. पण औषध घेणारेच जास्त संख्येनं दगावू लागले, आणि 1989 मध्ये त्यातली दोन औषधं तातडीनं थांबवावी लागली. वैद्यकाच्या इतिहासातला हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

याचा अर्थ प्रत्येक धडधड सोडून द्यावी असा नाही. अनुभवी डॉक्टर कधीकधी रुग्णाला म्हणतात, "कसं होतं ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा." मधेच एक खंड आणि मग ठोसा, तर बहुधा आगाऊ ठोकाच. बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी, जलद पण एकसारखी टकटक असेल, तर विजेचा प्रवाह कुठल्याशा आडवाटेनं गोल फिरत असण्याची शक्यता. आणि बोटांना काही केल्या लय सापडतच नसेल, तर संशय येतो तो एट्रियल फिब्रिलेशनचा. यात वरचे कप्पे मिनिटाला 350 हून अधिक वेळा नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणूनच अनेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होतात.

धडधडीबरोबर भोवळ आली, छातीत दुखलं, धाप लागली, व्यायाम करतानाच ती सुरू झाली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर सकाळची वाट पाहत बसू नये. एरवी ईसीजी, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, लागलं तर इको. अडचण एवढीच, की दवाखान्यात पट्टी काढायला घेतली की हे ठोके हमखास दडी मारतात.